पासवर्ड कोण विचारतो आहे?

“पासवर्ड बरोबर आहे हो, पण घेतच नाहीये.” लॅपटॉपला फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकली की एक-दोन दिवसांत हे वाक्य ऐकू येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत येते, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात येते, आणि परदेशातल्या मुलाला रात्री व्हिडिओ कॉल लावून बसलेल्या आईवडिलांच्या तोंडीही येते. ऐकणारा बहुतेकदा “नीट आठवून बघा” म्हणतो आणि मोकळा होतो. ही पुस्तिका बोलणाऱ्यावर विश्वास ठेवून सुरू होते. त्याला आठवतो तो पासवर्ड सहसा बरोबरच असतो. स्क्रीनवर आता जो पासवर्ड मागतो आहे, त्याला मात्र तो कधी सांगितलेलाच नसतो.

म्हणून पुढच्या पानांत प्रत्येक अडचणीपाशी आधी एकच प्रश्न विचारला आहे: पासवर्ड कोण विचारतो आहे, आणि त्याच्याकडचे उत्तर कुठे ठेवलेले आहे? या दोन गोष्टी कळल्या की निम्म्याहून अधिक गुंता तिथेच सुटतो. त्या न कळता माणूस जे करतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतो, खाते कुलूपबंद करून घेतो, आणि शेवटी वैतागून आणखी एकदा फॉरमॅट मारायला सांगतो. पहिल्या खेपेत वाचलेला डेटा या दुसऱ्या खेपेत जातो. ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती मुख्यतः या दुसऱ्या फॉरमॅटमुळे. तो टाळता येतो.

हा विषय आजच हाती घ्यायला कारण आहे. विंडोज ११ बाजारात आली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. तिने टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपची आणि ठरावीक पिढीनंतरच्या प्रोसेसरची अट घातली. घराघरांतले कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्या अटीत बसले नाहीत. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही थांबला. तेव्हापासून कोणी लॅपटॉपवर नवी विंडोज बसवून घेतो आहे, कोणी जुन्या यंत्राला लिनक्सवर नेतो आहे, कोणी एकाच डिस्कवर दोन्ही ठेवतो आहे. सिस्टीम बदलण्याचे काम आता संगणकवेड्या मंडळींपुरते राहिलेले नाही. शाळेतले शिक्षक, करसल्लागाराच्या कार्यालयातले मदतनीस, सीईटीचा अर्ज भरणारी मुले, सेवानिवृत्त गृहस्थ अशा सगळ्यांवर ही वेळ येते. त्यांच्यासाठी लॉगिन अडणे म्हणजे पेन्शनचे कागद, प्रबंधाचा मसुदा, अर्जाची शेवटची तारीख अडणे.

पासवर्ड ही कल्पना मुळात आली कुठून हे थोडक्यात सांगायला हवे, कारण आजच्या अडचणीचे मूळ तिच्या रचनेत आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ पासून फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच अवाढव्य संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात, यासाठी तिथे प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. ते पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. अशी फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला सगळ्यांची दारे उघडी, हा धोका लवकरच उघड झाला. १९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या अनुभवावर एक लेख लिहिला. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याच्यावर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून जो ठसा उरतो तेवढाच साठवायचा, आणि प्रत्येक ठशात थोडा वेगळा यादृच्छिक भाग मिसळायचा, ही रीत त्यांनी त्यात मांडली. पुढे पासवर्ड तपासणाऱ्या जवळपास सगळ्याच व्यवस्था याच वाटेने गेल्या.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. लॅपटॉपमध्ये पासवर्ड नसतो, त्याचा ठसा असतो. म्हणून “माझा जुना पासवर्ड काय होता तेवढा काढून द्या” ही मागणी दुकानदार सहसा पुरी करू शकत नाही. तो नवा पासवर्ड बसवू शकेल, जुना वाचू शकणार नाही. आणि तो ठसा ज्या डिस्कवर होता ती डिस्क पुसली की ठसाही गेला. डोक्यातला पासवर्ड जागच्या जागी राहिला, पण तो ज्याच्याशी जुळवून पाहायचा तेच नाहीसे झाले.

आता विचारणारे किती आहेत ते पाहू. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा, ओसरी, माजघर आणि आतले कपाट यांना वेगवेगळी कुलुपे असत, तशी लॅपटॉपलाही एकामागे एक चार दारे आहेत. त्यांतले कोणते अडले आहे ते आधी पाहायचे.

पहिले दार यंत्राचे. बटण दाबल्या दाबल्या, कंपनीचे चिन्हही नीट उमटले नसताना, काळ्या किंवा करड्या पडद्यावर पासवर्ड विचारला गेला तर तो बायोसचा, म्हणजे फर्मवेअरचा. त्याचे उत्तर मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते. डिस्क पुसा, डिस्क बदला, विंडोज टाका, लिनक्स टाका, त्याला काही फरक पडत नाही. जुना घेतलेला लॅपटॉप असेल तर हे दार विकणाऱ्याकडून उघडून घ्यावे, तेही पैसे देण्याआधी. ॲपलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत याच जातीची आणखी एक सोय आहे. ‘फाइंड माय’ चालू ठेवून यंत्र पुसले, तर नव्याने मांडणी करताना ते आधीच्या मालकाचे खाते मागते. तिथे खरा उपाय एकच: आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून ते यंत्र काढून टाकणे.

दुसरे दार डिस्कचे. या दाराने गेल्या काही वर्षांत सर्वाधिक माणसे अडवली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते दार आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने बसवलेल्या विंडोजवर हेच चालू स्थितीत मिळते. मग कधी फर्मवेअर अद्ययावत झाले किंवा बायोसमधली सेटिंग बदलली की निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) किल्ली मागतो: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. इथे लॉगिनचा पासवर्ड चालत नाही, पिन चालत नाही. नवी सिस्टीम टाकणाऱ्याला याचा आणखी एक फटका बसतो. सी ड्राइव्ह पुसला, नवी विंडोज बसली, सगळे सुरळीत. आणि डी ड्राइव्हवर क्लिक केले तर तो कुलूपबंद. रोज तो आपोआप उघडत होता, कारण त्याला उघडण्याची सोय जुन्या विंडोजमध्ये होती, ती सी ड्राइव्हबरोबर पुसली गेली.

किल्ली कुठे असते? बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. पण कोणाच्या खात्यात, हा आपल्याकडचा कळीचा मुद्दा आहे. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळख-क्रमांक दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या यादीशी ताडून पाहायची, जुळली तर तीच किल्ली. आणि आपल्या खात्यात यादीच रिकामी निघाली, तर हा लॅपटॉप दुकानातून आणल्यावर पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला ते आठवायचे. भाच्याने? शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने? दुकानातल्या माणसाने स्वतःचाच मेल टाकून? किल्ली त्या पहिल्या खात्यात गेलेली असते. वापरणारे काका एक, किल्लीचे मालक दुसरेच, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही, असे अनेक घरांत घडते. किल्ली सापडलीच नाही तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती डिस्क उघडू शकत नाही. कूटलेखनाचा अर्थच तो आहे, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर हीच गोष्ट आपले रक्षण करते.

तिसरे दार सिस्टीमचे, रोजचे, ओळखीचे. इथल्या तक्रारींत एक कारण वरचढ आहे आणि ते तंत्रापेक्षा सवयीचे आहे. वर्षानुवर्षे माणूस चार आकडी पिन टाकून लॅपटॉप उघडतो. त्याच्या मनात तोच ‘लॅपटॉपचा पासवर्ड’ झालेला असतो. वास्तविक पिन त्या एका यंत्रावरच्या त्या एका मांडणीपुरता असतो, तो लॅपटॉपबाहेर कधी जात नाही. खात्याचा खरा पासवर्ड निराळा, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तपासला जातो. नवी विंडोज बसली की पिन संपला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो खरा पासवर्ड विचारला जातो. तो खाते उघडताना एकदाच टाकलेला. मग ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केले तर कोड जातो जुन्या मोबाइल नंबरवर, जो केव्हाच बंद झाला. खात्यावरची संपर्काची सगळी माहिती एकदम बदलायची म्हटली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावते. ही मुदत चोराला अडवण्यासाठी आहे. खऱ्या मालकाला ती जाचक वाटते, पण तिला आडवाट नाही. म्हणून मोबाइल नंबर आणि पर्यायी मेल तपासण्याचे पाच मिनिटांचे काम फॉरमॅटच्या आधी करायचे असते.

याच दारापाशी उलटाही प्रकार होतो. नवी विंडोज बसवल्यावर लॅपटॉप एकदा खात्याला जोडला गेला; नंतर कोणी फोनवरून खात्याचा पासवर्ड बदलला. लॅपटॉपला इंटरनेट नसेल तर तो अजून जुनाच पासवर्ड मान्य करतो, कारण त्याच्याजवळ आधीच्या लॉगिनचाच ठसा आहे. नव्या विंडोजला वाय-फायचा ड्रायव्हर सापडला नसेल तर हे हमखास होते. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे, आणि मग लॉगिन करून पाहावे.

आणि आता ती अडचण, जी दिसायला सर्वांत क्षुल्लक आहे आणि जिने सर्वाधिक वेळ खाल्ला आहे: कीबोर्डची मांडणी. नवी सिस्टीम बसवताना एका पडद्यावर कीबोर्ड विचारला जातो. घाईत कोणी ‘इंग्लिश, युनायटेड किंग्डम’ निवडतो, इंग्रजी ते इंग्रजीच म्हणून. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांची बटणे बहुधा अमेरिकी मांडणीची असतात. त्यांच्यावर शिफ्ट धरून २ दाबले की ‘@’ यायला हवा. ब्रिटिश मांडणीत तिथे दुहेरी अवतरणचिन्ह उमटते, आणि ‘@’ सरकतो एंटरशेजारच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर. शिफ्ट आणि ३ दाबले तर ‘#’ ऐवजी पौंडाचे चिन्ह. पासवर्डच्या चौकटीत सगळ्यांचा ठिपकाच दिसतो, त्यामुळे बोटे बरोबर चालतात आणि पासवर्ड चुकतो. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट बसवलेले असेल आणि तेच निवडलेले राहिले, तर ‘के’चे बटण दाबल्यावर चक्क ‘क’ जातो; दिसतो मात्र ठिपकाच. उपाय साधा आहे. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बदलावी. चौकटीच्या टोकाला डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून टाइप केलेले एकदा डोळ्यांनी वाचावे. पिनसाठी उजवीकडचे आकडे वापरत असाल तर नमलॉक चालू आहे का ते पाहावे. पासवर्ड चुकला असे म्हणण्याआधी एवढे तपासायला अर्धे मिनिटही लागत नाही.

लिनक्सकडे वळणाऱ्यांना याच दारापाशी एक वेगळा अनुभव येतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. इथे पहिली परीक्षा अशी: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबावे. साधा मजकुराचा पडदा येतो. तिथे नाव आणि पासवर्ड टाकून आत जाता आले, तर पासवर्ड निर्दोष आहे आणि अडचण त्याच्या पुढची आहे, हे सिद्ध झाले. मग डिस्क गच्च भरली आहे का ते पाहावे, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा आहे का ते पाहावे, आणि मुख्य म्हणजे आपल्या होम फोल्डरची मालकी कोणाकडे आहे ते पाहावे.

ही मालकीची गोष्ट थोडी उलगडतो. शहाणी माणसे होम फोल्डर वेगळ्या विभागात ठेवतात आणि नवी सिस्टीम टाकताना त्याला हात लावत नाहीत, फाइली वाचतात. पण लिनक्सला माणसे नावाने ठाऊक नसतात, आकड्याने ठाऊक असतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांत पहिल्या वापरकर्त्याला १००० हा आकडा मिळतो, दुसऱ्याला १००१. समजा, आधी लॅपटॉपवर पहिले खाते ‘ऑफिस’ नावाचे होते आणि ‘सुनीता’ दुसरे. नव्या सिस्टीममध्ये ‘सुनीता’ पहिले केले. नाव तेच, पासवर्ड तोच, पण ती आता १००० आहे आणि तिचे फोल्डर १००१ च्या नावावर. लॉगिन होते, डेस्कटॉप उभा राहताना त्या फोल्डरात लिहू पाहतो, लिहू दिले जात नाही, आणि सगळे कोसळून पुन्हा लॉगिनचा पडदा येतो. मालकी बदलण्याची एकच आज्ञा हे दुरुस्त करते; ती पुस्तिकेत पायरीपायरीने दिली आहे. विंडोजमध्येही आतून असेच चालते. तिथे प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो, नव्या विंडोजमध्ये तेच नाव देऊन खाते काढले तरी क्रमांक नवा पडतो, आणि जुन्या फोल्डरवर क्लिक केले की ‘तुम्हाला परवानगी नाही’ असे सांगितले जाते. दोन्हीकडे फाइली सुखरूप असतात, मालकाची नोंद तेवढी बदलायची असते. हे माहीत नसल्याने लोक “डेटा गेला” म्हणून हळहळतात आणि पुसून मोकळे होतात.

चौथे दार सेवांचे: मेल, बँक, सरकारी पोर्टल, ब्राउझर. सिस्टीम सुरू झाली, आत आलो, आणि मग कळते की एकही संकेतस्थळ आपल्याला ओळखत नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले होते, त्यांचे फोल्डरही कोणी काळजीपूर्वक पेनड्राइव्हवर घेतले होते. तरी ते उघडत नाहीत. कारण क्रोमसारखा ब्राउझर विंडोजवर ते पासवर्ड त्या खात्याच्या किल्लीने कूटबद्ध करून ठेवतो, आणि ते खाते आता नाही. सिंक चालू असेल तर गूगलच्या खात्यातून परत येतात, नसेल तर एकेका ठिकाणी नव्याने पासवर्ड बदलत बसावे लागते. पासवर्डऐवजी वापरायच्या, लॅपटॉपपुरत्या साठवलेल्या पासकीचेही तेच. करसल्लागार आणि छोटे उद्योजक यांच्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन असतो. त्यातली गुप्त किल्ली टोकनमध्येच सुरक्षित राहते, पण त्याचा ड्रायव्हर आणि सहीचे सॉफ्टवेअर सिस्टीमबरोबर गेलेले असते. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी “टोकन खराब झाला” अशी धावपळ होते. ड्रायव्हर बसवला की टोकन चालू.

इथेच घड्याळाचाही विचार करायला हवा, कारण तो कोणाच्या मनात येत नाही. जुन्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ प्रमाणपत्राची चूक दाखवून दार लावते. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट भेटते. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ म्हणून वाचते. भारतात हा फरक बरोबर साडेपाच तासांचा. लॅपटॉपवरच सहा आकडी कोड बनवणारे ॲप असेल, तर तो कोड दर ३० सेकंदांनी वेळेवरून तयार होतो. साडेपाच तास चुकलेल्या घड्याळावर तो कधीच जुळणार नाही. कार्यालयाच्या नेटवर्कवरच्या लॉगिनला तर नेहमीच्या सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांपलीकडची तफावत चालत नाही.

कार्यालयाच्या लॅपटॉपबद्दल पुस्तिकेत मोजकेच आहे, आणि ते मुद्दाम. तिथे माणसाच्या खात्याखेरीज यंत्राचेही खाते सर्व्हरवर असते. घरी बसून नवी विंडोज टाकली, नाव तेच दिले, तरी सर्व्हरच्या लेखी तो ओळखीचा लॅपटॉप नसतो. असा लॅपटॉप कार्यालयाच्या संगणक विभागाकडेच द्यावा.

पुस्तिकेत काय नाही तेही स्पष्ट सांगतो. कोणाचे कुलूप त्याच्या नकळत उघडण्याची युक्ती इथे सापडणार नाही. बायोसचा पासवर्ड उडवण्याच्या, ॲपलचे कुलूप चुकवण्याच्या, दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याच्या वाटा सांगणारी माणसे पुष्कळ आहेत. त्या वाटांनी चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळते, आणि ज्याचे दार तुटते तो कोणीतरी आपल्यासारखाच असतो. इथला प्रत्येक उपाय मालकाने, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या खात्याने करायचा आहे.

मांडणी चार दारांच्या क्रमाने आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या दाराचा पडदा कसा दिसतो याचे वर्णन आहे. आपल्या स्क्रीनवर काय आहे ते त्याच्याशी ताडून मगच पुढे वाचावे. त्यानंतर सर्वांत निरुपद्रवी उपाय आधी आणि डेटाला धक्का लावणारा उपाय सर्वांत शेवटी, असा क्रम काटेकोरपणे पाळला आहे. तो वाचकानेही पाळावा. कोणत्याही पायरीवर ‘रीसेट’, ‘इनिशिअलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ असे शब्द दिसले तर हात आवरावा, पडद्याचा फोनने फोटो काढावा, आणि संबंधित प्रकरण पुन्हा वाचावे. फॉरमॅट न करता नवी विंडोज टाकली असेल तर जुन्या विंडोजचे सामान सी ड्राइव्हवर ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरात राहिलेले असते. ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊ शकते. म्हणून तिथल्या फाइली पहिल्याच दिवशी बाहेर काढाव्यात.

शेवटचे प्रकरण खरे तर आधी वाचायचे आहे. त्यात सिस्टीम टाकण्यापूर्वीची तयारी आहे. खात्याचा मेल आणि खरा पासवर्ड एकदा ब्राउझरमधून टाकून पाहणे. मोबाइल नंबर तपासणे. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून लॅपटॉपच्या पिशवीत सोडून इतर कुठेही ठेवणे. गूगलचे आठ आकडी दहा राखीव कोड छापून घेणे. ब्राउझरचे सिंक चालू आहे का पाहणे. आणि फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे. एका संध्याकाळचे काम. ज्याने ते केले त्याला पुस्तिकेची उरलेली प्रकरणे बहुधा लागणार नाहीत, आणि तसे झाले तर मला समाधानच वाटेल.

दोन विनंत्या करून थांबतो. पहिली, दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना. गिऱ्हाइकाचा लॅपटॉप नव्याने मांडून देताना आपला किंवा दुकानाचा मेल कधीही टाकू नका. गिऱ्हाइकाला शेजारी बसवा, त्याचे खाते त्याच्या हाताने उघडू द्या, आणि किल्लीचा कागद त्याच्या हातात देऊन मगच पैसे घ्या. तुमच्या दहा मिनिटांनी पुढे कोणाच्या तरी आयुष्यभराच्या फोटोंचे रक्षण होते. दुसरी, घरातल्या जाणत्या मुलामुलींना. आईबाबांचा, आजोबांचा लॅपटॉप लावून देताना सोपे पडते म्हणून आपले खाते वापरू नका. त्यांचे खाते त्यांच्या नावावर, त्यांच्या नंबरावर असू द्या, आणि कोणता पासवर्ड कोणत्या दाराचा हे त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. संगणक त्यांचा, त्यातले कागद त्यांचे; मग आत जाण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती असायला हवा.